वळिवड्याची एक पणती

ती. आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

काल १ नोव्हेंबर. इथे हा सर्व संतांचा दिवस, सुट्टीचा. अख्खं वॉर्सा आपापल्या माणसांच्या कबरींवर जातं. नेहमीच्या बस पुरत नाहीत म्हणून कबरस्तानांसाठी जादा बस सोडतात.

खालच्या मजल्यावरच्या आजी मला पोवोंस्कीला घेऊन गेल्या. १७९० सालचं कबरस्तान, संगीतकार शोपँचे आई-वडील इथेच आहेत. आजींनी यजमानांच्या कबरीवरची पानं हातानंच सारली, ओल्या फडक्यानं दगड पुसला, मग अक्षरांत बसलेली माती काडीनं एकेक अक्षर करून काढली. आई, सर्वपित्रीला तू फोटो पुसतेस तेव्हा असंच कुणाशी बोलत नाहीस. मग शेवंतीची कुंडी ठेवली. शेवंती इथे फक्त गेलेल्यांना, घरी भेटीला जाताना कुणी नेत नाही. मला तुझी वेणी आठवत राहिली.

चारच्या सुमाराला सूर्य मावळला आणि हजारो दिवे दिसू लागले. त्यांना 'झ्निच' म्हणतात: काचेच्या बरणीत मेण आणि वर झाकण, म्हणून वारा-पावसात तग धरतात. दाराशी कागदात गुंडाळलेली पांढरी-गुलाबी मिठाई मिळते, 'पांस्का स्कुर्का'. दाताला चिकटते, पण आजींनी हौसेनं घेऊन दिली. लहानपणी त्यांची आई घ्यायची म्हणे.

गाव विचारलं, मी कोल्हापूर म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. बाबा, सैबेरियातून सुटलेले जवळजवळ पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले, हे त्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरच्या नावाचं स्मारकही इथे आहे. आपली आजी त्या गोऱ्या पोरांच्या गोष्टी सांगायची, तेव्हा मी अर्धवटच ऐकायची. आता वाटतं, सगळं विचारून घ्यायला हवं होतं.

ज्यांची माणसं दूर पुरलेली आहेत, ते मोठ्या क्रूसापाशी दिवा ठेवतात. मी तिथे आपल्या आजीसाठी एक ठेवला. खालच्या आजींनी काडी पेटवून दिली.

बाबा, छावणीत वारलेल्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. गुडघा ठीक असेल तर एकदा जाऊन या ना. दिवाळीतली एखादी पणती न्या, आणि शेवंती. इथून त्यांच्याकडे नेहमी कोण येणार?

आई, बाबांना एकटं पाठवू नकोस.

तुमची,
धाकटी