'शेम शेम' हे कुठल्या अवयवाचं नाव?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांशी 'या विषयावर', म्हणजे शरीर आणि लैंगिकतेबद्दल, मोकळेपणाने बोला, असं हल्ली सगळेच सांगतात. कोणत्या शब्दांत बोलायचं, ते मात्र कोणी सांगत नाही. पाटण तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी २९ वर्षं आरोग्यसेविका होते, म्हणून हे पत्र.

परवा सूनबाई धाकट्या नातीला अंघोळ घालत होती. नाक चोळ, कान चोळ, कोपर चोळ, असं छान चाललं होतं. साडेतीन वर्षांची ती, अंग पुसायच्या आत उघडीच बाहेर पळाली, तर सून ओरडली, "अगं, शेम शेम!" आता पोरीला वाटतं, त्या जागेचं नावच शेम शेम. आमच्या वेळची 'शूची जागा' परवडली, ती निदान काम तरी खरं सांगायची.

नावाने एवढं काय बिघडतं? फार वर्षांपूर्वी वस्तीवरची सात वर्षांची एक मुलगी आईबरोबर आली. पोट दुखतं म्हणाली, गोळी दिली. आठवड्याने पुन्हा तेच, पुन्हा गोळी. तिसऱ्या खेपेला मी तिला टेबलावर बसवलं आणि म्हटलं, "बोट ठेवून दाखव बघू, कुठं दुखतं?" तिने बोट ठेवलं नाही. फ्रॉक दोन्ही मुठींत धरून गुडघ्यांवर ओढला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. माणूस घरातलाच होता. तिच्याकडे 'पोट' सोडून दुसरा शब्दच नव्हता. त्या दोन गोळ्या मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, नव्हता, तो २०१२ चा. आता असं काही कळल्यावर न कळवणं हाही गुन्हा आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन फुकट लागतो. पण पोराला आधी सांगता तर आलं पाहिजे!

म्हणून दोन-तीन वर्षांपासून अंघोळीतच, कोपर-गुडघ्याच्या ओळीत लिंग, योनी ही नावंही घ्या. लाज वाटते? मराठीच्या पेपरात 'लिंग ओळखा' सोडवून गुण मिळवलेतच की सगळ्यांनी. पोर शाळेत जायला लागलं की सांगा, या जागांना कोणी हात लावायचा नाही, डॉक्टरांनीसुद्धा आई-बाबा जवळ असतानाच. आणि 'कोणाला सांगू नको' असं कोणी म्हणालं, तर तेच घरी येऊन पहिल्यांदा सांगायचं. बाळ देवाघरून किंवा दवाखान्यातून आणलं ही थाप नको. आईच्या पोटात बाळाची पिशवी असते, तिला गर्भाशय म्हणतात, एवढ्यावर पाच वर्षांचं पोर खुशाल खेळायला जातं. पुढचं ते विचारेल तेव्हा.

पाळीचं मात्र विचारायची वाट बघू नका. आठव्या-नवव्या वर्षी सांगून ठेवा, मुलग्यांनाही. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, पण पाळी काही दहावीपर्यंत थांबत नाही. आमच्याकडची एक मुलगी शाळेच्या संडासात दीड तास कडी लावून बसली होती, आतून काहीतरी फाटलं म्हणून. 'कावळा शिवला' एवढंच तिने ऐकलेलं, आणि कावळा तर कुठे दिसला नव्हता.

मुलग्यांकडे तर कोणी बघतच नाही. 'स्वप्नदोष' हा शब्दच घ्या. झोपेत वीर्य जाणं ही वयात येण्याची साधी खूण, तिच्या नावातच आपण दोष घालून ठेवला. मग ही पोरं एसटी स्टँडच्या भिंतीवरची 'गुप्तरोग' जाहिरात वाचून तिथे पैसे घालवतात. शक्ती गेली म्हणून रडणारा चौदा वर्षांचा मुलगा मी पाहिला आहे. त्याला कसलाच आजार नव्हता.

थोरला नातू बाराचा झाला, त्याचा आवाज फुटायला लागलाय. मुलाला म्हटलं, आता बोल त्याच्याशी. चाळीस वर्षांचा बाप्या, बँकेत साहेब, मला म्हणतो, "आई, तूच बोल ना." मी म्हटलं, समोर बसून जमत नसेल तर शेजारी चालत बोल, तोंडाकडे बघावं लागत नाही. गेले दोन रविवार बापलेक नदीकाठी प्रीतिसंगमावर फिरायला जातायत. विषयापर्यंत पोचलेत की अजून क्रिकेटवरच अडलेत, मी विचारलेलं नाही.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, कराड (जि. सातारा)