छात्रसैनिकांचा टर्नआउट (गणवेश व नीटनेटकेपणा) आणि शाळांची जबाबदारी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यातील एका हायस्कूलमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या परेडचा सराव सुरू असताना केस वाढलेल्या तीन छात्रसैनिकांना रांगेबाहेर काढण्यात आले आणि साऱ्या शाळेसमोर त्यांच्या केसांवर कात्री चालविण्यात आली. त्यांतील आठवीतल्या एका मुलाने दुसऱ्या दिवसापासून एनसीसीच्या (राष्ट्रीय छात्रसेनेच्या) तासाला जाणेच बंद केले. माध्यमिक शिक्षक म्हणून नोकरी करताना शाळेतील एनसीसीची जबाबदारी मी दीर्घकाळ सांभाळली असल्यामुळे या विषयावर चार शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

नियम सैल करावेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. 1948 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संघटनेचे ब्रीद ‘एकता आणि अनुशासन’ हे आहे, आणि गणवेश अंगावर चढविल्यानंतर तो नीटच घातला गेला पाहिजे. केस आखूड असले तरच बेरेट (गणवेशाची गोल टोपी) डोक्यावर नीट बसते. मुलींनी केसांचा घट्ट अंबाडा घालून त्यावर जाळी लावली नाही, तर दौडताना केस सुटतात. लोंबते कानातले किंवा हातातील बांगड्या .22 रायफलच्या पट्ट्यात अडकून इजा होऊ शकते. ही कारणे मुलांना समजावून सांगितली, तर ती सहज पटतात, हा माझा अनुभव आहे. दुर्दैवाने कारण सांगण्याची तसदी फार थोड्या शाळा घेतात.

आपल्या भागात 15 ऑगस्टची परेड बहुधा श्रावणात येते, आणि आपल्याकडील अनेक घरांत श्रावणात केस-दाढी करीत नाहीत. नागपंचमीला मुलींच्या हातांवर मेंदी रंगते, ती चार दिवसांत जात नाही. मग ऐन परेडच्या तोंडावर मुलगा केसांमुळे आणि मुलगी मेंदीमुळे संचलनातून वगळली जाते, आणि घरी आई-वडिलांना वाटते की शाळा आमच्या चालीरीतींवर उठली आहे. माझे मत स्पष्ट आहे : छात्रसैनिकाने केस कापलेच पाहिजेत आणि परेडपूर्वी हातांवर मेंदी लावू नये. मात्र ही गोष्ट आषाढातच पालकांच्या कानावर घातली गेली पाहिजे. मी स्वतः आषाढ संपण्यापूर्वी घरोघरी जात असे. एखादी आजी नाराज होई, पण नातवाला परेडमध्ये पाहायचे म्हटल्यावर तीच त्याला सलूनमध्ये धाडी. वारकरी घरातील मुलांच्या गळ्यातील तुळशीच्या माळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. तो त्या-त्या शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता शाळेने एनसीसीच्या संबंधित बटालियनकडून लेखी खुलासा मागवावा, आणि तो येईपर्यंत कोणाच्याही माळेला हात लावू नये.

गणवेशाच्या खर्चाचा विचार याहून महत्त्वाचा आहे. पूर्वी गणवेश केंद्रीय खरेदीतून येई. जून 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाने छात्रसैनिकांची स्टेट बँकेत शून्य शिल्लक खाती उघडून गणवेश भत्ता थेट त्या खात्यांत जमा करण्याची व्यवस्था जाहीर केली. व्यवस्था चांगली आहे, पण भत्ता हाती पडण्यापूर्वी परेड आली, तर शेतमजुराच्या घरी बुटांचे पैसे कोठून येणार? शिवाय ज्याने-त्याने वेगवेगळ्या दुकानांतून कापड घेतले, की एकाच रांगेत खाकीच्या चार छटा दिसतात आणि पाहणीच्या वेळी बोलणी मात्र मुलांना खावी लागतात. शाळेने एकाच ठाणातील कापड घेऊन एकाच शिंप्याकडे माप दिले, तर खर्चही कमी येतो आणि रांगही एकसारखी दिसते.

पावसाचाही विचार व्हावा. आमच्या तालुक्यातील भरपूर पावसाच्या जांबोटी, कणकुंबीकडील मुलांच्या घरी जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. एकुलता एक गणवेश चुलीवरच्या दांडीवर वाळत घातला, की त्याला धुराचा वास येतो. ओले बूट चुलीजवळ ठेवले, की कातडे तडकते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाऱ्याला ठेवावेत, कोरडे झाल्यावरच पॉलिश लावावे. नवी बेरेट कोमट पाण्यात भिजवून, पिळून, डोक्यावर चढवून उजवीकडे ओढून बसवावी आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर येतो की नाही ते पाहावे. या गोष्टी कोणीतरी हाताला धरून शिकवाव्या लागतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर असलेल्या बेळगाव जिल्ह्यात निवृत्त हवालदार-सुभेदार गावोगावी आहेत. एखाद्या शनिवारी त्यांना शाळेत बोलाविले, तर ते आनंदाने येतील.

शाळेसमोर केस कापण्याच्या प्रकाराबद्दल मला अत्यंत खेद वाटतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, आणि आठवीतला मुलगा त्या कायद्याच्या कक्षेत येतो. एनसीसीचा गणवेश घातला म्हणून त्याचे हे संरक्षण संपत नाही. केस वाढलेले दिसले, तर पालकांना निरोप द्यावा, दोन दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही सुधारणा झाली नाही, तर त्या परेडपुरते बाजूला ठेवावे. एवढी शिक्षा पुरेशी आहे, कारण परेड चुकल्याचे दुःख त्या वयात फार मोठे असते.

शिक्षण खात्याने आणि संबंधित बटालियनने मिळून केस, नखे, दागिने, बूट, बेरेट आणि भत्त्याची पद्धत यांविषयी एक पानाचे पत्रक काढावे. सीमाभागातील मराठी शाळांत व्हॉट्सअॅपवरून येणाऱ्या इंग्रजी किंवा कन्नड सूचना पुष्कळ पालकांना वाचता येत नाहीत. म्हणून ते पत्रक कन्नडबरोबर मराठीतही असावे आणि नावनोंदणीच्या वेळीच पालकांच्या हाती द्यावे. खानापूरच्या त्या मुलाच्या घरी मुख्याध्यापकांनी स्वतः जाऊन त्याला पुन्हा एनसीसीत बोलवावे, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव