परळच्या काकांना, मिशिगनच्या गॅरेजमधून थँक्यू

काका, तुम्ही विमानात बसलात त्या दिवशी नीट आभार मानायचे होते पण तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषयच संपवलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, चिडू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझ्याकडे 1995 ची लाल माझदा मियाटा आहे, दोनच सीटची, वजन जेमतेम एक टन. मी तिला जॅकवर चढवून बसलो होतो आणि मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले काका, परळच्या गॅरेजमधले जुने मेकॅनिक, संध्याकाळच्या फेरीवरून जाताना थांबले. पहिलाच प्रश्न, "घोड्या लावल्यास का खाली, की नुसत्या जॅकवर मरायचंय?" (घोड्या म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड.) अशी आमची ओळख.

माझा प्लॅन असा की फक्त स्वस्तातल्या लोअरिंग स्प्रिंगा टाकायच्या, गाडी दीड इंच खाली, दिसायला भारी. तुम्ही गाडी खाली उतरवायला लावलीत, पुढचा कोपरा दोन्ही हातांनी दाबून सोडलात आणि ती तीनदा डुलली. म्हणालात, स्प्रिंग वजन पेलते, तिला आवरायचं काम शॉकअपचं, आणि तुझे शॉकअप तर कधीच गेलेत, त्यावर अजून कडक स्प्रिंग टाकलीस तर गाडी रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारेल. आणि खाली करशील तर दणका जाणार कुठे? मियाटात चाकाला वर जायला जागा मुळातच कमी, लगेच रबरी बंप स्टॉपवर आपटते, आणि इथे दर मार्चमध्ये बर्फ वितळला की रस्त्यांची काय अवस्था होते ते तुम्ही बघितलंतच (मुंबईच्या ऑगस्टची आठवण आली म्हणालात).

मग स्प्रिंगा थोड्याच कडक घेतल्या, खरा पैसा कोनी कंपनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये घातला, आणि शॉकअप वर जिथे बसतो ते माउंट 1999 नंतरच्या मियाटाचे, त्यात चाकाला जरा जास्त जागा मिळते. उंची फार कमी केली नाही, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत पुढे 13 इंच ठेवली. मित्र म्हणतात अजून खाली घे. घेत नाही.

तुम्ही आयुष्यभर टॅक्सीवाल्यांच्या प्रीमियर पद्मिनी दुरुस्त केल्यात. मी म्हटलं काका ही स्पोर्ट्स कार आहे, वेगळं असतं, तर तुम्ही चाकामागे वाकून बघितलंत आणि हसलात, "चाक धरायला वरखाली दोन आर्म आणि मध्ये गोल स्प्रिंग, पद्मिनीच्या पुढे हेच तर होतं, तुझ्या गाडीला मागेपण आहे एवढंच." मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नाहीत याचं मात्र तुम्हाला कौतुक वाटलं. 2023 च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या तेव्हा तुम्ही काय केलंत हे मी विचारलं होतं, तुम्ही पाना पुसत बसलात. पुन्हा नाही विचारलं.

स्प्रिंग दाबायचे क्लॅम्प तुम्ही मला एकट्याला लावूच दिले नाहीत. दोन क्लॅम्प समोरासमोर, थोडं इकडे थोडं तिकडे, मशीनने नाही हातानेच, आणि तोंड कधी स्प्रिंगच्या रेषेत नाही. परळच्या गॅरेजच्या पत्र्याला सुटलेल्या स्प्रिंगने पाडलेलं भोक तुम्ही पोरांना दाखवायला मुद्दाम बुजवलं नव्हतं म्हणे.

मागच्या खालच्या आर्मचा लांब बोल्ट, त्याने दोन दिवस खाल्ले. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात त्यामुळे बोल्ट आतल्या नळीला गंजून चिकटलेला, मी हातोडा घेतला होता, तुम्ही काढून घेतलात. रात्रभर तेल मुरू दे, मग पाव फेरा सोडव, परत आवळ, परत सोडव. कंटाळवाणं काम, पण बोल्ट अखंड आला!

आणि सगळ्यात मोठं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहितोय. मी चाकं हवेत लटकत असतानाच सगळे नट करकचून आवळायला निघालो होतो. तुम्ही ओरडलात. आर्मच्या सांध्यातल्या बुशमधलं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं, आर्म हलला की ते पिळतं, लटकत्या अवस्थेत आवळलं की गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेलंच राहणार, गाडी उगाच उंच बसणार आणि बुश लवकर फाटणार. मग चाकं लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, गाडीचं पूर्ण वजन चाकांवर देऊन, खाली सरपटत जाऊन एकेक नट. मी आधीच्या गाडीवर हे चुकीचं केलं होतं आणि वर्षभर पार्ट्सना शिव्या घालत होतो.

अलाइनमेंटला पहिल्या दुकानाने पैसे चारही चाकांचे घेतले आणि फक्त पुढचा टो (चाकं आत बघतात की बाहेर ते) फिरवला, चाकाचा कोन ज्याने बदलतो त्या खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवरचा गंज तसाच. तुम्ही चार घोड्यांना दोरा बांधून पट्टीने मोजून दाखवलंत की मागचं डावं चाक बाहेर बघतंय. दुसऱ्या दुकानात, मी बसल्यासारखं वजन यावं म्हणून, माझ्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या ड्रायव्हर सीटवर ठेवायला लावल्या, तो माणूस बघतच राहिला.

परवा ॲन आर्बरहून डेक्स्टरला ह्युरॉन रिव्हर ड्राइव्ह या रस्त्याने गेलो. कोनीचा कडकपणा बदलायचा नॉब फुल सॉफ्टपासून अर्धा फेरा, तुम्ही ठेवलात तसाच. वळणात गाडी एकदा झुकते आणि तिथेच थांबते, खड्ड्यावर एकच धप्प आणि विषय संपला.

पुढच्या अँटी-रोल बारच्या (वळणात गाडी झुकणं आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक मात्र अजून जुन्याच आहेत, खडखडतात. तुमच्या येण्यापर्यंत हात लावत नाही. मेमध्ये या, सूनबाईंशी मी बोलतो.