आई-बाबांना पत्र : आठ अक्षरांची ओळ

हेलसिंकी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, फिनलंडच्या त्या महाकाव्याला वृत्त आहे का. हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय.

वृत्त आहे, आणि कडक आहे. 'कालेवाला'ची ओळ आठ अक्षरांची. दोन-दोन अक्षरांचे चार गण, आणि गणाच्या पहिल्या अक्षरावर ठोका. इथवर सोपं. पण फिनिश बोलताना प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर येतो, आणि सगळी मेख त्या अक्षराच्या लघु-गुरूत आहे. ते गुरू असेल तर ठोक्यावरच यायला हवं. लघु असेल तर ठोक्यावर येता कामा नये. फक्त पहिल्या गणाला सूट. शब्दाच्या पुढच्या अक्षरांना लघु-गुरूचं बंधनच नाही. तुमच्या भुजंगप्रयातात प्रत्येक जागा ठरलेली असते, इथे पहारा फक्त शब्दाच्या तोंडाशी.

काव्याची पहिलीच ओळ घ्या : 'मिएलेनि मिनुन तेकेवि'. 'मिए' हे एकच अक्षर धरा. ठोके पडतात मिए, नि, नुन आणि के यांवर. 'मिनुन'चा 'मि' लघु, म्हणून तो ठोक्याबाहेर. बोलताना जोर जिथे येतो, गाताना नेमका तिथून सरकतो. ही ओढाताण मला फार आवडते. उलट 'वाका वान्हा वॅइनॅमॉइनेन' ही, म्हणजे 'धीरगंभीर वृद्ध वॅइनॅमॉइनेन' (हा काव्याचा नायक), अगदी सरळ चालते. तीन शब्द, तिन्ही 'व'चे, आणि सगळ्यात लांब शब्द शेवटी. तोही एक संकेतच आहे. अशा सरळ आणि मोडत्या ओळी मिसळून येतात, म्हणून १८४९च्या आवृत्तीतल्या २२,७९५ ओळी कंटाळवाण्या होत नाहीत.

आता पुनरुक्ती. माझं मन खरं तर तिच्यापाशीच अडकलंय. एका ओळीत जे म्हटलं, तेच दुसरी ओळ वेगळ्या शब्दांत म्हणते. काव्याची सुरुवातच बघा : आधी मनाला इच्छा होते, मग बुद्धी विचार करू लागते. आधी गायला निघायचं, मग शब्द उच्चारायला. पुष्कळदा दुसऱ्या ओळीत क्रियापदच नसतं, ते पहिलीवरून ऐकणाऱ्यानं धरून चालायचं. पहिल्या ओळीत सहा असतील तर दुसरीत सात होतात, आणि वस्तू तीच! पुष्कळ जण म्हणतात, गायकाला पुढचं आठवायला वेळ मिळावा म्हणून ही सोय. मला ते अपुरं वाटतं. दुसरी ओळ पहिलीला एका पायरीनं वर नेते. ती गाळून वाचलं तर गोष्ट कळते, पण कविता उरत नाही.

वेळ मिळवायची सोय गाण्याच्या पद्धतीतच होती. जुन्या वर्णनांत दोघं हातात हात घालून बसतात. एक जण ओळ गातो, दुसरा शेवटच्या अक्षरांवर सूर मिळवतो आणि तीच ओळ पुन्हा गातो, तोवर पहिला पुढची जुळवतो. आई, तू आणि आजी जात्यावर समोरासमोर बसून ओवी अशीच उचलायचात ना? जात्यावरची ओवी अक्षरं मोजत बसत नाही, हे वृत्त मोजतं. पण दोन गळ्यांत ओळ फिरणं तेच.

हे काव्य एलियास ल्यॉनरूट नावाच्या डॉक्टरनं खेड्यापाड्यांतल्या गायकांकडून लिहून घेऊन जुळवलं. १८३४मध्ये तो आर्हिप्पा पेर्टुनेन या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेला, आणि त्यानं चार हजारांवर ओळी गाऊन दाखवल्या. आर्हिप्पानं आपल्या वडिलांची आठवण सांगितली : तळ्याकाठी मासेमारीला गेले की ते आणि त्यांचा सोबती शेकोटीपाशी हात धरून रात्रभर गात, आणि एक गाणं दोनदा म्हणत नसत. माझ्यामागे माझी मुलं काही गाणार नाहीत, याचं त्याला दुःख होतं. पुढे त्याचा मुलगा मीह्काली नामवंत गायक झाला. त्याचीही गाणी अभ्यासकांनी लिहून घेतली.

म्हणून आई, एक मागणं आहे. आजीच्या ओव्या आठवतील तशा फोनवर म्हणून मला पाठव. एकच ओवी दुसऱ्यांदा म्हणताना शब्द बदलले तर बदलू देत, दुरुस्त करू नकोस. मला दोन्ही हव्या आहेत. आत्याला बोलावलंस तर फारच छान, तिला उचलायला सांग. बाबा, तुम्ही फक्त कोणती ओवी कुणाच्या तोंडची, तेवढं लिहून ठेवा.

तुमची,
सुमा