कागदी पिशवी आणि उलटा पंप

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला धाप लागण्यावरचा लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आभार. आभार इथेच संपतात.

‘रुग्णाला आडवे झोपवा, कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगा.’ हे छापण्याआधी कुणी वाचलं होतं का? आडवं केलं की पोट श्वासपटलाला वर रेटतं आणि दम वाढतो. बसवायचं, किंचित पुढे झुकवून, कोपरं टेबलावर टेकवून. पिशवीत तर दर श्वासागणिक ऑक्सिजन कमी होत जातो. धाप घाबरल्याने लागलीय की दम्याने, हृदयविकाराने, फुफ्फुसात गुठळी अडकल्याने, हे घरच्यांनी कसं ओळखायचं? आपल्या लेखकांना ते दिसतं बहुधा.

बाकी सगळी भिस्त ऑक्सिमीटरवर, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणाऱ्या यंत्रावर. बोट गार असलं किंवा नखाला रंग असला तर आकडा चुकतो. कोंडलेल्या धुरातल्या माणसाचा तर छान ९८ दिसू शकतो. श्वास मोजा ना! मिनिटभर, आणि त्याला न सांगता. मोजताय हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो, म्हणून नाडी बघितल्यासारखं मनगट धरायचं आणि नजर छातीवर ठेवायची. स्वस्थ बसलेल्या प्रौढाचे १२ ते २० होतात. २५ च्या पुढे गेले, एक वाक्य सलग बोलता येईना, गळ्याच्या शिरा ताणल्या जाऊ लागल्या किंवा ओठ निळसर पडले, तर लगेच रुग्णवाहिका. यातलं एकही पुरे, चारही जमायची वाट बघू नये.

आणि ‘घरघर थांबली म्हणजे आराम पडला’? दम्याचा रुग्ण थकून पेंगुळलाय आणि छातीतला आवाज बंद झालाय, याचा अर्थ आवाज होण्याइतकीही हवा आत जात नाहीये. सगळ्यात वाईट खूण लेखात सुधारणेच्या यादीत!

सालब्युटामॉलचा (आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) पंप असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावून एका वेळी एकच फवारा, ३० ते ६० सेकंदांनी पुढचा, असे १० पर्यंत देता येतात. दर वेळी हलवून. लेखात हे एका ओळीतही नाही. फोटोत मात्र पंप आहे, तोही उलटा धरलेला. तसा धरला तर पुढचा डोस धड भरत नाही. वर ओळ काय, तर ‘ऑक्सिजन पंप’. त्यात औषध असतं हो, ऑक्सिजन नव्हे.

दुरुस्ती छापणार असाल तर शब्दकोड्याच्या खालच्या कोपऱ्यात नको. लेख जेवढा मोठा होता, तेवढ्याच जागेत छापा.

— एक वाचक