जुन्या इमारतीतूनच प्रवाशांची ये-जा राहू द्या

नागपूर रेल्वे स्थानकाच्या पुनर्विकासासंबंधीचे वृत्त वाचले. ११ डिसेंबर २०२२ रोजी भूमिपूजन झालेल्या या कामात जुनी वारसा इमारत जपली जाणार, याचा मनापासून आनंद आहे. १५ जानेवारी १९२५ रोजी खुली झालेली ही वालुकाश्माची इमारत आजही संत्र्यांच्या पेट्या, वळकट्या आणि परीक्षेला निघालेल्या पोरांनी गजबजलेली असते. ती तशीच वापरात राहावी. नव्या भव्य प्रवेशद्वारामागे ती केवळ फोटोपुरती उरली, तर तिला जपले असे कसे म्हणायचे?

दुसरे, मेट्रोचे स्थानक शेजारी आहे आणि गणेशपेठचे एसटी स्थानकही फार लांब नाही. पण परवाच एक आजी डोक्यावर बोचके आणि हाताशी नातू घेऊन भर उन्हात, ऑटोंच्या गर्दीतून वाट काढत रस्ता ओलांडत होत्या. नागपूरचा मे महिना काय असतो, हे वेगळे सांगायला नको. या तिन्ही ठिकाणांना जोडणारी सलग, छत असलेली पायवाट आणि उतरण आधी करावी. दुकानांचे गाळे नंतर बांधता येतील.

– एक नियमित प्रवासी, नागपूर