लग्न वाळवंटात करू, पण आमचा पत्ता भिंतीवर लावू नका

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी पुण्यात राहते, नोकरी करते. माझं लग्न ठरलं आहे, म्हणजे आम्ही दोघांनीच ते ठरवलं आहे. आमचे धर्म वेगळे. माझ्या घरी सगळं माहीत आहे. त्याच्या गावी, मराठवाड्यात, लग्न होईपर्यंत काही कळू नये यासाठी आमची धडपड चालली आहे.

एकमेकांना हार घालायचे ते जैसलमेरजवळच्या मरू राष्ट्रीय उद्यानात, असं आमच्या मनात आहे. दोघांनाही पक्षी बघायचं वेड. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी चकरा मारल्या, तो दिसला नाही. थरच्या वाळवंटात तो अजून तग धरून आहे. 3162 चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात वाळूच्या टेकड्यांबरोबर गवताळ माळही आहेत. माळढोकाची मादी तशा उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. म्हणून आमच्या बेतात बँड नाही, दिव्यांची रोषणाई नाही, ड्रोन नाही, अक्षतासुद्धा नाहीत. वनखात्याची परवानगी काढायची, चार माणसांनी सकाळी जायचं, हार घालून निघायचं.

ही तयारी सोपी आहे. घोडं अडलंय ते 1954 च्या विशेष विवाह कायद्यापाशी. धर्म न बदलता आमच्यासारख्यांना लग्न करता येतं ते याच कायद्याखाली.

जैसलमेरला कायदेशीर लग्न लावायचं तर आमच्यापैकी एकाला आधी 30 दिवस त्या जिल्ह्यात राहावं लागेल आणि नोटिशीचे 30 दिवस त्यानंतर. एवढी रजा कोण देणार? म्हणून कायद्याचं लग्न पुण्यातच, तीन साक्षीदारांसमोर. पण कलम 6 प्रमाणे आमची नावं, वयं, व्यवसाय आणि राहते पत्ते असलेली नोटीस कार्यालयात दर्शनी जागी लागणार. नोटिशींची वही कोणीही फुकट पाहू शकतो. शिवाय त्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असल्यामुळे एक प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाईल आणि तिथेही लागेल. ज्यांच्या भीतीने आम्ही गुपचूप लग्न करतोय, त्यांच्याच जिल्ह्यात आमचा ठावठिकाणा सरकारच जाहीर करणार.

आम्ही दोघं हिंदू असतो तर आळंदीला जाऊन सकाळी लग्न लावलं असतं आणि नंतर नोंदणी केली असती. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात अशी नोटीस नाहीच. मग धर्म वेगळे असलेल्यांनाच महिनाभर भिंतीवर का टांगायचं?

या नोटिशीमुळे आधीचं लग्न लपवणारा सापडतो, असं म्हणतात. ही काळजी मला खरी वाटते. अशा फसवणुकीत बाईचंच आयुष्य उद्ध्वस्त होतं. पण वय, नातं, आधीचा जोडीदार ही तपासणी कागदपत्रांवरून आणि नोंदणीच्या अभिलेखावरून करणं हे खात्याचं काम आहे. खोट्या जाहीरनाम्याला शिक्षा याच कायद्यात आहे. गावातल्या संतापलेल्या काकांकडून ही तपासणी होत नाही. ते कलम वाचून हरकत घ्यायला येत नाहीत, मुलाला उचलून न्यायला येतात.

दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं. जोडप्याने लेखी मागितलं तरच नोटीस जाहीर करावी, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये सांगितलं. केरळने 2020 मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणं बंद केलं. आणि याच पुण्यात 25 डिसेंबर 1873 ला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, भटजीशिवाय. आपल्या राज्याला हा विषय नवा नाही.

हा कायदा केंद्राचा आहे, असं उत्तर कृपया देऊ नका. विवाह समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. राज्याला दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घेता येते. नोटीस जाहीर करायची की नाही हे जोडप्यावर सोडणारी दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात मांडा. तोवर निदान एवढं तरी करा: एकाही जोडप्याच्या घरी फोन किंवा पत्र जाणार नाही, आणि नोटिशीचा फोटो काढून कोणी पसरवणार नाही, अशा लेखी सूचना प्रत्येक विवाह अधिकाऱ्याला द्या. या अधिकाऱ्यांचे वरिष्ठ असलेल्या नोंदणी महानिरीक्षकांचं मुख्य कार्यालय आमच्या पुण्यातच आहे. अशा सूचनांसाठी विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.

आम्ही याच हिवाळ्यात अर्ज करणार आहोत. त्याआधी आपलं उत्तर यावं, ही विनंती.

आपली,
पुण्यातील एक मतदार